सतराव्या ओळीतलं भोक

"दार कुणाचं?" जमदाडे कंडक्टरांनी विचारलं.

"कुणाचंही. घराचं, दुकानाचं."

"एस्टीचं?"

"चालेल."

"मग ते तर मी सगळ्यांनाच उघडतो. बाई असो, बुवा असो, बोकड घेऊन आलेला म्हातारा असो. पगार घेतो मी त्याचा. यात सहमत काय आणि असहमत काय?"

वाई आगाराच्या विश्रांतिगृहात बाकड्यावर बसलेले सात-आठ ड्रायव्हर-कंडक्टर हसले. मी वहीत लिहून घेतलं : 'प्रश्न चौथा, स्त्रीसाठी दार उघडून धरणे, इथे निरुपयोगी.' मग त्या जागी राखीव सीटवरून उठण्याचा प्रश्न घातला.

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. मी तेव्हा पुण्याच्या एका संशोधन संस्थेत हंगामी नोकरीला होतो. पाटणकर मॅडमनी दोन वर्षांपूर्वीच माझ्या हातात एक परदेशी प्रश्नावली ठेवली होती. बाई आणि पुरुष यांच्याबद्दल पुरुषांना काय वाटतं हे मोजणारी, चोवीस विधानांची. प्रत्येक विधानापुढे पाच रकाने : पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. तिचं नुसतं भाषांतर करायचं नव्हतं, ती मराठी बोलणाऱ्या पुरुषांच्या अंगाला बसेल अशी बेतायची होती. हेच काम मलेशियातल्या रोहानी नावाच्या एका प्राध्यापक बाईंनी तिकडच्या मलय बोलणाऱ्या पुरुषांसाठी आधी केलं होतं. त्यांचं मॅडमना आलेलं लांबलचक पत्र मी फाइलला लावलं होतं. त्यात एक वाक्य होतं : 'आमचे पुरुष फार अगत्यशील आहेत, पाहुण्याला जे आवडेल तेच उत्तर देतात. खरं उत्तर हवं असेल तर त्यांच्या घरच्यांना विचारावं.' मी ते लाल पेनानं अधोरेखित केलं आणि विसरून गेलो.

वाई निवडली कारण तिथून माझं गाव, मालतवाडी, आठ किलोमीटर. दिवसा आगारात माणसं पकडायची, संध्याकाळी आईच्या हातचं जेवायला घरी जायचं. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती, थोरली शालनताई शेजारच्याच गावात दिलेली. घरात आई, मी आणि दीड एकर हळद.

जमदाड्यांची आणि माझी गट्टी जमली ती त्यांच्या उत्तर द्यायच्या पद्धतीमुळे. इतर लोक पेनानं खूण करायचे, खोडायचे, शेजाऱ्याच्या कागदात डोकावून पुन्हा करायचे. जमदाड्यांनी तिकिटाला भोक पाडायचा चिमटा काढला आणि प्रत्येक ओळीत एकेक भोक पाडत गेले. कट, कट, कट.

"हे काय?"

"पेनानं लिहिलेलं खोडता येतं," ते म्हणाले. "भोक पडलं की पडलं. पंचवीस वर्षांत पाडलेलं भोक मी कधी बुजवलेलं नाही."

आमच्या शास्त्राचा एक नियम होता. पंधरा दिवसांनी त्याच माणसाला तेच प्रश्न पुन्हा द्यायचे. उत्तरं तीच आली तर प्रश्नावली भरवशाची. पंधरा दिवसांनी जमदाड्यांनी पुन्हा भोकं पाडली. मी दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले. तेवीस भोकांतून उजेड आरपार आला. दुसऱ्या ओळीत अंधार.

"काका, 'घरातला शेवटचा निर्णय पुरुषानं घ्यावा' याला मागच्या वेळी तुम्ही पूर्ण सहमत होता. आता एकदम असहमत?"

"मोजलं ना मी. पंधरा दिवसांत आमच्या घरात अकरा निर्णय झाले. त्यातले माझे दोन. एक, मिशी ठेवायची. दुसरा आठवत नाही."

"पण असं उत्तर बदललं की आकडा बिघडतो."

"म्हणजे माणसानं पंधरा दिवस विचार केला तर तुमच्या शास्त्रात तो नापास?"

मी दोन्ही कागद फाइलमध्ये ठेवले. जमदाड्यांनी चिमटा खिशात टाकला आणि म्हणाले, "बुधवारी माझी सुट्टी असते. संध्याकाळी चहाला या घरी."

मी चहा समजून गेलो. त्यांच्या घरात शिरल्यावर धुतलेल्या चादरी, ठेवणीतल्या बशा आणि काकूंचं न्याहाळणं बघून माझ्या लक्षात आलं की इथं स्थळ म्हणून आपल्यालाच बघितलं जातंय. पोहे जमदाड्यांनीच आणून दिले. मुलगी घरात नव्हती. पाच मिनिटांनी ती बाहेरून आली, डोक्याला टोपी, पायात धुळीनं माखलेले बूट, खांद्यावर नकाशांची नळी.

"ही हेमलता," जमदाडे म्हणाले. "भूमी अभिलेखात मोजणीदार आहे. आज बोपर्डीला मोजणी होती."

हेमलतानं पाय धुतले, माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "बाबांनी तुमची प्रश्नावली दाखवली. एक विचारू? साखळीनं जमीन मोजताना चूक किती चालते हे आमच्याकडे ठरलेलं असतं. तुमच्यात किती चालते?"

मी तोंडात पोहे असताना आकडेमोडीबद्दल काहीतरी पुटपुटलो. ती शांतपणे ऐकत होती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. खोटं कशाला सांगू, मला त्याच क्षणी वाटलं की लग्न करीन तर हिच्याशीच. त्याआधी मी सहा मुली पाहिल्या होत्या आणि सहाही वेळा स्वयंपाक येतो का हा प्रश्न आपण विचारत नाही याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. इथं मी काही विचारावं असं कुणी शिल्लकच ठेवलं नव्हतं. जमदाड्यांनी एक कोरी प्रश्नावली माझ्यापुढे सरकवली.

"भरा."

मी पेन काढलं आणि पाच मिनिटांत चोवीस खुणा केल्या. बरोबरी मानणाऱ्या उत्तराला प्रत्येक विधानामागे जास्तीत जास्त पाच गुण होते; हेमलतानं तिथंच बेरीज केली.

"एकशेवीसपैकी एकशे अठरा."

"दोन कुठं गेले?" काकूंनी आतून विचारलं.

"ते मीच सोडले," मी नम्रपणे म्हणालो. "माणूस परिपूर्ण नसतो."

जमदाडे खूश झाले. हेमलता झाली नाही. तिनं कागद पुन्हा एकदा वरून खाली वाचला. एका ओळीपाशी तिचं बोट जरा थांबलं, मग पुढे सरकलं.

"प्रश्न तुम्हीच बेतलेत," ती म्हणाली. "पंधरा दिवसांनी पुन्हा दिले तरी एकशे अठराच येणार."

"मग कसं करायचं?"

"आम्ही एकाच खातेदाराच्या सांगण्यावर हद्द ठरवत नाही. तो तर सगळं शेत आपलंच म्हणतो. लगतच्या खातेदारांना नोटीस काढतो, त्यांना बांधावर उभं करतो आणि त्यांच्यासमोर मोजतो. तुमच्या लगत कोण आहे?"

"आई."

"मग त्यांच्याकडून भरून आणा, तुमच्याबद्दल. पंधरा दिवसांनी, बुधवारी."

ते पंधरा दिवस मी जे वागलो त्याची आठवण काढून आमच्या घरात अजून हसतात. मी ताट उचलून ठेवलं. कपडे धुतले. एके दिवशी सकाळी उठून चूल पेटवली आणि आईचा चहा तिच्या अंथरुणाशी नेऊन दिला. आई उठून बसली, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "दिनू, तब्येत बरी हाय न्हवं? पुण्यात काय झालंय का?"

मंगळवारी संध्याकाळी जमदाड्यांनी आगाराच्या फाटकात मला गाठलं आणि खिशातून चिमटा काढून माझ्या हातावर ठेवला.

"पेन नको. आईंना याच्यानं पाडू द्या भोकं. पण उद्या संध्याकाळी परत हवा. गुरुवारी पहाटेची महाबळेश्वर माझ्याकडे आहे, चिमट्याशिवाय माझा हात चालत नाही."

बुधवारी दुपारी आई अंगणात उकडलेली हळद वाळत घालत होती. मी पोत्यावर तिच्याजवळ बसलो, मांडीवर पाटी, पाटीवर कागद. आईला वाचता येत नव्हतं. मी तिला समजावलं की मी एकेक वाक्य वाचणार, दिनकर असं मानतो का ते तिनं सांगायचं आणि मी दाखवीन त्या रकान्यात भोक पाडायचं. डावीकडचा रकाना म्हणजे मुलगा तसंच मानतो, उजवीकडचा म्हणजे अजिबात मानत नाही.

"आन ह्ये कशापायी?"

"एका मुलीला बघायचंय."

आईनं हळदीचे हात पदराला पुसले आणि चिमटा घेतला. दोन-तीनदा हवेत दाबून पाहिला. तिला आवाज आवडला.

मुलाखत कशी घ्यावी याचे नियम मीच लिहिले होते. विचारणाऱ्यानं चेहरा बदलू नये. वाद घालू नये. उत्तर सुचवू नये.

"घरकामात पुरुषानं बरोबरीनं हात लावावा."

"लावतोस की. जेवताना ताटाला."

"आई, गेले पंधरा दिवस..."

नियम. बोट उजवीकडून दुसऱ्या रकान्यावर ठेवलं. कट.

"बायकोनं नवऱ्यापेक्षा जास्त कमावलं तरी बिघडत नाही."

"बायको तर यिऊ दे आधी." जरा विचार करून : "न्हाई बिघडायचं तुझं. तुला पैशाचा गर्व न्हाई. नसतोच तुझ्याकडं." कट. पूर्ण सहमत. मी मनातल्या मनात पाच गुण लिहून घेतले.

"मन भरून आलं तर पुरुषानं रडावं, त्यात कमीपणा नाही."

आईनं चिमटा मांडीवर ठेवला. "तुझं वडील गेलं तवा गोठ्यात जाऊन रडत हुतास. म्हसरं बी उठून उभी राहिली. मला दिसत हुतं समदं."

"मग काय धरू? सहमत की असहमत?"

"गोठ्यात जाऊन म्हंजी मधलं."

मधल्या रकान्यात भोक पडलं. कागदावर तिच्या बोटांचे पिवळे ठसे उमटत चालले होते. एकंदरीत बरं चाललं होतं. एकशे अठरा काही येणार नव्हते, पण नव्वदीच्या आसपास रेटलं असतं. अंगणात ऊन होतं, आईला खेळ आवडला होता आणि मी संध्याकाळचा शर्ट कुठला घालायचा याचा विचार करत पुढची ओळ वाचली.

"सतरा. वडिलांच्या जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळावा."

आई हसली. "ह्ये सोपं हाय. ताईला दिलीस की साडी."

"कुठली साडी?"

"आरं, जांभळी. वाईला सही केली तवा."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वडिलांच्या मागे जमिनीवर वारस म्हणून आम्हा तिघांची नावं लागली होती. गावात रीत होती. बहीण हक्कसोडपत्रावर सही करते, भाऊ तिला साडी घेतो, सगळे मिळून जेवतात. मीच गाडी करून ताईला वाईला नेलं होतं. तिनं विचारलं होतं, "कुठं करायची सही?" मी बोटानं जागा दाखवली होती. तिनं केली. परत येताना आम्ही उसाचा रस प्यायलो. सगळं इतकं हसतखेळत झालं की त्याला काही नाव असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुण्याला परतून त्याच आठवड्यात मी हा सतरावा प्रश्न बेतला होता. मूळ परदेशी प्रश्नावलीत तो नव्हता, तिच्यातलं एक विधान काढून मी तो घातला होता. आपल्याकडच्या पुरुषांसाठी तो हवाच, असं मी मॅडमना ठासून सांगितलं होतं आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली होती.

"नेसते का ती साडी?" मी विचारलं. हा प्रश्न यादीत नव्हता.

"घडी बी मोडली न्हाई अजून. नागपंचमीला गेले हुते तवा पेटीत बघितली, कागदासकट. रंग आवडला नसंल." आईनं एक हळकुंड उचलून उन्हात सरकवलं. माझ्याकडे बघितलं नाही. "तर, कुठं पाडू भोक?"

चिमटा उघडा धरून ती वाट बघत होती. मी बोट ठेवीन तिथं ती दाबणार होती. डावीकडं ठेवलं असतं तरी तिला कळलं नसतं, आणि हेमलतालाही कळलं नसतं, असं तेव्हा मला वाटत होतं. सतरा नंबरचे पाच गुण मिळाले असते. ताईलाही मी असंच बोट दाखवलं होतं, कुठं सही करायची ते.

मी बोट उचलून अगदी उजवीकडच्या रकान्यावर ठेवलं.

"इथं?"

"इथंच."

कट.

पुढचे सात प्रश्न कसे वाचले ते आठवत नाही. बेरीज एकाहत्तर झाली.

संध्याकाळी जमदाड्यांच्या घरी मी चिमटा परत केला आणि कागद हेमलताच्या हातात दिला. या वेळी पोहे नव्हते, चहा होता. तिनं कागद उजेडात धरला. पिवळे ठसे बघून हसली. मग सतराव्या ओळीपाशी तिचं बोट थांबलं, मागच्या वेळी थांबलं होतं अगदी तिथंच.

"हे मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही घरी यायच्या आदल्या आठवड्यात मालतवाडीला माझी मोजणी होती. चावडीत फेरफाराची वही समोर पडली होती, बाबांनी तुमचं आडनाव सांगितलेलं होतं. जमिनीवरचं नाव बदललं की त्या वहीत नोंद होते. शालन दत्तात्रय शेवाळे यांचं नाव कमी, हक्कसोडपत्राने. खाली तारीख."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे मी इथं बसून एकशे अठरा मिळवले तेव्हा तुम्हाला..."

"हो. सतराव्या ओळीत तुम्ही पूर्ण सहमतवर मोठी खूण केली होती. सगळ्यात मोठी."

"मग तेव्हाच नकार का नाही दिलात?"

हेमलतानं बाबांकडे बघितलं. जमदाडे चिमटा पुसण्यात गर्क असल्याचं दाखवत होते.

"बाबांचंही उत्तर दुसऱ्या वेळी बदललं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्हालाही पंधरा दिवस द्यावेत."

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती आणि इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी विचारलं, "आता?"

"आता आधी ताईंचा वाटा त्यांच्या नावावर करा. मग वाटे वेगळे पाडायला पोटहिश्श्याच्या मोजणीचा अर्ज करा. साधी मोजणी सहा महिन्यांनी होते, तातडीची तीन महिन्यांनी."

"आणि आपलं?"

"आपलं काय?" ती म्हणाली, पण कानापर्यंत लाल झाली. काकू आत लगबगीनं भांडी लावायला लागल्या.

मी तातडीचा अर्ज भरला.

ताईकडे गेलो तेव्हा ती गोवऱ्या थापत होती. मी जमिनीचं बोललो. ती थापत राहिली.

"कुणी सांगितलं तुला ह्ये?"

"आईनं भोक पाडलं."

"काय पाडलं?"

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. दाराच्या प्रश्नापासून हळदीच्या ठशांपर्यंत. ती मधूनमधून हसत होती. सगळं ऐकून झाल्यावर हात धुऊन आत गेली, मला पाणी आणलं आणि म्हणाली, "त्या दिवशी रस कडू लागला हुता मला. तू दोन गिलास प्यालास." एवढंच बोलली. मग जेवायला वाढलं.

मोजणीला हेमलता मोजणीदार म्हणून आली नाही. घरच्या जमिनीला घरचा माणूस चालत नाही असं तिच्या साहेबांनी सांगितलं. दुसरे मोजणीदार आले. पण तिनं सुट्टी काढली होती, आणि बांधावर उभी राहून ती त्यांची साखळी कुठं सैल पडतेय ते सांगत होती. लगतची खातेदार म्हणून ताईनं सही केली. या वेळी जागा तिनं स्वतः शोधली.

पाटणकर मॅडमच्या अहवालात जमदाड्यांच्या दुसऱ्या ओळीमुळे आकडा जरा खाली आलाच. मी त्यांना सुचवून पाहिलं की उत्तर बदलणाऱ्यांसाठी वेगळा रकाना असावा. मॅडम म्हणाल्या, शेवाळे, लग्न ठरलंय ना तुमचं, सुट्टीवर जा.

लग्न वाईला, घाटाजवळच्या कार्यालयात झालं. जमदाडे नव्या मिशीसकट दारात उभे होते आणि आल्यागेल्या प्रत्येकासाठी दार उघडत होते. मुहूर्ताला दहा मिनिटं उरली तरी ताईचा पत्ता नव्हता. आई सारखी रस्त्याकडे बघत होती. भटजींनी माझ्या हातात अक्षता दिल्या, अंतरपाट धरला, आणि त्याच्या वरच्या काठावरून मला ताई आत येताना दिसली.

ती जांभळी साडी नेसली होती. अडीच वर्षं पेटीत राहिलेल्या घडीच्या रेघा तिच्यावर उभ्या-आडव्या उमटल्या होत्या. आई तिच्या खांद्यावरची एक रेघ हातानं पुन्हापुन्हा सपाट करत होती, आणि ताई हसत म्हणत होती, "राहू दे गं, आई. नेसता नेसता जाईल हळूहळू."